तलंग की कोंबडा? बँटम पिल्लांची पारख



उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, आणि आले तसे सोसायटीत, खताच्या दुकानात नि मुलांच्या फीमध्ये जिरून जाते. अंड्याचा पैसा मात्र वेगळा. तो थोडा असतो, पण आठवड्याच्या बाजाराला हाती येतो आणि बहुधा घरातल्या बाईच्या कनवटीलाच राहतो. म्हणून परसातल्या दहा-वीस कोंबड्यांकडे आम्ही नुसती हौस म्हणून पाहत नाही. तो एक जोडधंदाच आहे.

गावाकडे वाडग्यात आणि पुणे शहरालगत घर बांधून राहिलेल्या सभासदांच्या अंगणात बँटम, म्हणजे बुटक्या जातीच्या कोंबड्याही दिसतात. जागा थोडी लागते, दाणा थोडा लागतो, पोरांना लळा लागतो. पण पिल्ले घेताना एक प्रश्न हटकून येतो. विकणारा छातीठोकपणे सांगतो, "घ्या ताई, सगळ्या माद्याच आहेत." ताई मादीचा भाव मोजतात, तीन-चार महिने कणी-भरडा घालतात, आणि एके दिवशी भल्या पहाटे निम्मे खुराडे आरवू लागते. अंडी राहिली बाजूला, गेलेला दाणाही पदरात पडत नाही.

अशा वेळी विकणारा लबाडच असतो असे नाही. पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते. तेव्हा पिल्लू नर की मादी हे कोणत्या वयात, कशावरून आणि कितपत खात्रीने सांगता येते, ते आपण नीट समजून घेऊ.

बँटम म्हणजे काय?

जावा बेटाच्या पश्चिम टोकाला बांतेन नावाचे जुने बंदर आहे. तेथून गेलेल्या लहान कोंबड्यांना युरोपियन खलाशांनी बंदराचेच नाव दिले, आणि पुढे कोणत्याही बुटक्या कोंबडीला बँटम म्हणू लागले. काही जाती मुळातच बुटक्या आहेत. इंग्लंडची सेब्राइट, जपानची चाबो, मलेशियाची सेरामा ही त्यांची उदाहरणे. बाकीच्या पुष्कळ म्हणजे मोठ्या जातींच्या लहान आवृत्त्या. पक्ष्याचे वजन साधारण अर्धा ते एक किलो आणि अंडे तीस-चाळीस ग्रॅमचे. अंड्याच्या धंद्यात ही कोंबडी फार्मच्या कोंबडीची बरोबरी करणार नाही. पण खुडूक होऊन अंड्यांवर बसण्यात आणि पिल्ले सांभाळण्यात ती मोठी तरबेज. दुसऱ्या कोंबडीची अंडीही तिच्याखाली ठेवून उबवून घेतात.

नर-मादी ठरवते कोण?

माणसात मूल मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या बीजावर ठरते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. कोंबडीत बरोबर उलटे आहे. तेथे हे आईकडून ठरते. कोंबड्याजवळ एकाच जातीची दोन गुणसूत्रे असतात, त्यांना शास्त्रज्ञ 'झेड' म्हणतात. कोंबडीजवळ एक 'झेड' आणि एक 'डब्ल्यू' असते. अंड्यात 'झेड' उतरले तर कोंबडा, 'डब्ल्यू' उतरले तर तलंग. हा निकाल अंडे घालण्याआधीच लागलेला असतो. त्यानंतर उबेने, दाण्याने किंवा नवसाने तो फिरत नाही. आणि दोहोंची शक्यता सारखी असल्याने, ढोबळ मानाने निम्मे नर निघणारच.

गंमत अशी की घरात मुलगा हवा म्हणणारा माणूस खुराड्यापाशी आला की माद्या मागतो!

ऐकीव खुणा

म्हातारी माणसं सांगतात, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो नि वाटोळ्या अंड्यातून तलंग. अंड्याच्या आकारावरून लिंग सांगता येते असे ग्रीसच्या ॲरिस्टॉटलनेही दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. समज जुना खरा, पण अंड्याचा आकार ठरतो तो ते घालणाऱ्या कोंबडीच्या ठेवणीवरून. एकच कोंबडी आयुष्यभर साधारण एकाच घाटाची अंडी घालते, आणि तिच्याच त्या अंड्यांतून नरही निघतात नि माद्याही.

कोणी दोऱ्याला अंगठी बांधून पिल्लावर धरतात. ती गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर. कोणी पिल्लू पाय धरून उलटे करतात. फडफडले तर नर म्हणे. या सगळ्यांचा निकाल निम्म्या वेळा बरोबर येतो. आणि नाणे उडवले तरी तो निम्म्या वेळा बरोबरच येणार! पाच पिल्लांत चार बरोबर निघाली की माणूस ते जन्मभर सांगत राहतो, चुकलेली विसरून जातो. अशानेच समजुती टिकतात.

पहिल्याच दिवशी ओळखण्याच्या तीन शास्त्रीय वाटा

पहिली वाट जपानची. १९२० नंतरच्या दशकात कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे शेपटीखालचे द्वार अलगद उघडले तर नरामध्ये मोहरीहूनही बारीक असा एक उंचवटा दिसतो. १९२७ साली कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेत हे काम मांडले गेले, आणि जपानी तज्ज्ञांना देशोदेशींच्या उबवणी केंद्रांतून बोलावणी येऊ लागली. मुरलेला कारागीर तासाला हजाराच्या आसपास पिल्ले निवडतो आणि शंभरात एखाद-दुसरेच चुकते. पण त्यामागे दीर्घ सराव असतो. काही माद्यांतही लहानसा उंचवटा असतो, तो नराच्या उंचवट्याहून वेगळा ओळखणे हीच खरी विद्या. हे काम पहिल्या दिवसाच्या आसपासच करावे लागते. बँटमचे पिल्लू तर मुठीत हरवेल एवढे. त्याचे पोट जरा जास्त दाबले गेले की ते दगावलेच. म्हणून आमचे स्पष्ट सांगणे आहे, घरी हा प्रयोग करू नका.

दुसरी वाट पंखाच्या पिसांची. पंख पसरला की कडेला पिसांच्या दोन ओळी दिसतात. ज्या कळपाची पैदास त्यासाठी मुद्दाम केलेली आहे, तेथे मादी पिल्लात एका ओळीची पिसे दुसरीपेक्षा स्पष्ट लांब असतात, नरात दोन्ही सारखी. पिसे उशिरा फुटण्याचा गुण 'झेड' गुणसूत्रावर आहे. तो गुण असलेली कोंबडी आणि लवकर पिसे फुटणाऱ्या जातीचा कोंबडा अशी जोडी लावली तरच हा फरक उतरतो. तोही पहिल्या दोन-तीन दिवसांपुरता. मिश्र रक्ताच्या गावठी किंवा बँटम पिल्लांना हा नियम लावू गेलो तर हमखास फसगत. "पंख बघा, मादीच आहे" असे कोणी म्हणाले, तर आई-बाप कोणत्या जातीचे, हे आधी विचारावे.

तिसरी वाट रंगाची. आमच्या मते घरगुती पैदास करणाराला हीच सोयीची. पिसांवर आडवे पांढरे-काळे पट्टे आणणारा गुण 'झेड'वर असतो. पट्टेदार प्लायमाउथ रॉक जातीची कोंबडी आणि ऱ्होड आयलंड रेड जातीचा कोंबडा यांची जोडी लावा. कोंबडी आपले एकुलते 'झेड' मुलग्यांनाच देते. त्यामुळे नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, मादीचे डोके काळेच राहते. अंड्यातून निघाल्याबरोबर पोरसुद्धा निवडू शकेल! बँटम आकारातल्या याच जातींनाही हा नियम लागू आहे. मात्र जोडी उलटी लावली, म्हणजे कोंबडा पट्टेदार घेतला, तर सगळीच पिल्ले ठिपकेवाली निघतात आणि खूण बाद होते.

येथे उसाच्या शेतकऱ्याने एक भेद ध्यानात घ्यावा. को ८६०३२ चे बेणे लावले की को ८६०३२ च उगवतो. कोंबडीच्या संकराचे तसे नाही, ते संकरित मक्यासारखे आहे. या जोडीची पिल्ले वाढवून पुन्हा आपसात लावली तर खूण मोडते. दर वेळी मूळ जातींचे आई-बापच लागतात. ही अडचण ओळखून इंग्लंडमध्ये केंब्रिजला प्राध्यापक पनेट यांनी १९२९ च्या सुमारास 'कॅम्बार' नावाची जात तयार केली. तिच्यात पिढ्यानपिढ्या नर पिल्ले फिकी आणि मादी पिल्ले गडद निघत.

या तिन्ही वाटा सोडल्या, तर एक दिवसाच्या साध्या बँटम पिल्लात भरवशाची खूण नाही. सगळ्या लेखातले हेच वाक्य कोणी पाठ केले तरी चालेल.

मग किती दिवस थांबायचे?

सहा ते दहा आठवडे. तोवर हातावर हात ठेवून बसायचे नाही. पिल्ले आणल्या दिवशीच प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाच्या लोकरीचा धागा सैल बांधावा आणि पाय जाड होत जातील तसा तो बदलत जावा. घट्ट राहिला तर पायात रुततो. मुलांच्या जुन्या वहीत दर रविवारी टिपण ठेवावे. आणि तुलना करायची ती एकाच जातीच्या, एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांची. लहान-थोर नि जातीजातीची पिल्ले एकत्र पाहिली की डोळा फसतो.

तिसरा-चौथा आठवडा: पिसे कोणाला लवकर भरतात ते पाहावे. पुष्कळ जातींत तलंगेची शेपटी आणि पाठ आधी भरते, नर बराच काळ आखूड शेपटीचा आणि उघड्या पाठीचा दिसतो. पाय जाड कोणाचे, तेही टिपावे. या खुणा संशय घेण्यापुरत्या, निकालासाठी नव्हेत.

पाचवा ते सातवा आठवडा: तुरा पाहावा. करवतीच्या पात्यासारखा एकेरी तुरा असलेल्या जातींत नराचा तुरा मोठा होऊन लाल दिसू लागतो, चोचीखालचे कल्लेही उतरू लागतात. तलंगेचा तुरा लहान आणि फिकट पिवळसर राहतो. दोघांत फरक ठळक असेल तर येथे बराचसा निकाल लागतो.

आठवा ते बारावा आठवडा: मान आणि कमरेवरची पिसे पाहावीत. नराची ती पिसे लांब, निमुळती, चकचकीत आणि टोकाला अणकुचीदार. तलंगेची रुंद आणि टोकाला गोल. एकेक पीस बोटांत धरून पाहावे. कमरेवरचे टोकदार पीस दिसले की बहुतेक जातींत शंका उरत नाही. पुढे शेपटीत कोयत्यासारखी वाकलेली पिसे येतात. याच काळात काही नर घोगऱ्या आवाजात आरवायला सुरुवात करतात. मात्र दांडगा भाऊ समोर असला की दबलेला नर पुष्कळ दिवस गप्प राहतो. न आरवणारी प्रत्येक तलंग, असे समजू नये.

डोळ्याला फसवणाऱ्या जाती

बँटमात काही जाती मोठ्या चकवा देणाऱ्या आहेत. सेब्राइटचा कोंबडा पिसांनी हुबेहूब कोंबडीसारखा असतो. मानेची टोकदार पिसे नाहीत, शेपटीचा कोयता नाही. त्याच्या कातडीतच नराच्या रसाचे मादीच्या रसात रूपांतर होते, म्हणून पिसे मादीची फुटतात. तेथे पिसांचा नियम सोडून तुरा नि कल्ले यांवरच जावे लागते. रेशमासारख्या मऊ पिसांच्या सिल्की जातीत पीस टोकदार की गोल हेच कळत नाही. कधी कधी आरवण्याची नाहीतर पहिल्या अंड्याची वाट पाहावी लागते. असीलाच्या रक्ताची पिल्ले असतील तर तुरा बसका नि लहान, तो उशिरा बोलतो. कडकनाथसारख्या काळपट तुऱ्याच्या जातीत लालीवर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. तुरा, पिसे आणि पाय अशा दोन-तीन साक्षी जुळल्या, म्हणजे मग बोलावे.

थोडा हिशेब

"निम्मे नर, निम्म्या माद्या" हे सरासरीचे बोलणे. दहा पिल्ले घेतली म्हणजे पाच माद्या निघतीलच असे नाही. नेमकी पाच-पाचची वाटणी चारांतून एकदाच होते. आणि साधारण सहांतून एकदा दहांत तीन किंवा त्याहून कमी माद्या निघतात. तसे झाले म्हणून नशिबाला किंवा विकणाराला दोष देण्याचे कारण नाही.

ज्या घराला पाच तलंगा हव्यात, त्याने बारा पिल्ले घेतली तर पाचांतून चार वेळा काम भागते. चौदा घेतली तर दहांतून नऊ वेळा. पिल्लांची मर वेगळी, तिच्यासाठी एक-दोन अधिक धरावीत. दहा घेऊन दहा अंडी रोज मोजणाराचा हिशेब मात्र सुरुवातीलाच चुकलेला असतो.

खरेदी करताना

महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याने परसातील कुक्कुटपालनासाठी दोन तऱ्हेचे गट दिले आहेत. एक, शंभर एकदिवसीय मिश्र पिल्लांचा. दुसरा, आठ ते दहा आठवडे वयाच्या तलंगांचा, ज्यात २५ माद्या नि ३ नर. यातली खोच पाहा. पहिल्या दिवशी 'मिश्र' म्हणायचे, आणि मादी मोजून द्यायची असेल तर आठ-दहा आठवडे थांबायचे. हाच न्याय आपल्या घरच्या खरेदीला लावावा. पुण्यात खडकी येथे खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तेथे अथवा अन्यत्र पिल्ले घ्यायला गेलात तर पहिला प्रश्न हाच करा: "मिश्र आहेत, की निवडलेली?"

व्यापारी अंड्याच्या जातींची गोष्ट निराळी. तेथे उबवणी केंद्रातच निवड होऊन अंडी-उत्पादकाला माद्याच पुरवल्या जातात. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी सुरू केलेला वेंकटेश्वरा हॅचरीज समूह पुढे पुण्यातच स्थिरावला, तेव्हा या धंद्याचा पसारा आपल्या दाराशीच आहे. पण ती शिस्त बाजारात टोपलीत विकायला आलेल्या बँटम पिल्लांना लागू नाही.

आमचा सल्ला थोडक्यात असा:

१. एक दिवसाचे बँटम पिल्लू मिश्र भावानेच घ्यावे. "मादी" म्हणून जास्त पैसे देऊ नयेत.

२. मादीच हवी असेल तर आठ-दहा आठवड्यांची तलंग घ्यावी, भाव जास्त पडला तरी. दोन महिन्यांचा दाणा, मर आणि मनस्ताप वाचतो.

३. विकणारा ओळखीचा असेल तर आधीच बोलून ठेवावे, की नर निघाला तर बदलून मिळेल का. तोंडी नको, चिठ्ठीवर लिहून घ्यावे.

४. जत्रेत नि रस्त्यावर गुलाबी-हिरव्या रंगात रंगवलेली पिल्ले मिळतात, ती बहुतांशी अंड्याच्या जातींतून निवडून टाकलेली नर पिल्ले असतात. पोरांच्या हट्टापायी घेतलीत तरी त्यांच्याकडून अंड्याची आशा धरू नये.

नरांचे काय करायचे?

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. अंड्याच्या जातींची नर पिल्ले जगभर पहिल्याच दिवशी मारली जात आली आहेत, कारण ती अंडी देत नाहीत आणि मांसही पुरेसे धरत नाहीत. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने हे बंद केले. तेथे अंडे उबत असतानाच आतले लिंग तपासण्याची यंत्रे वापरात आली आहेत. आपल्या परसात तशी यंत्रे येणार नाहीत, आणि गरजही नाही.

आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. तोही पिल्ले काढायची असतील तरच. नुसती खायची अंडी हवीत तर कोंबड्याशिवायही तलंगा अंडी घालतात, हे अजून पुष्कळांना खरे वाटत नाही. शहरात भिंतीला भिंत लावून राहणाराने तर याचा विचार जरूर करावा. पहाटे चारला आरवणारा कोंबडा आपल्याला गोड वाटतो, शेजाऱ्याला नाही. जास्तीचे नर ओळखू आले की वेगळे काढावेत. बँटम नर आकाराने लहान पण भांडायला खमका; एकत्र राहिले तर एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि तलंगांनाही सुखाने खाऊ देत नाहीत. वेळेवर वेगळे काढून वाढवले तर सणासुदीला त्यांनाही गिऱ्हाईक असते. म्हणजे नर ओळखणे हे फसवणूक टाळण्यापुरते नसून, दाणा कोणाला किती दिवस घालायचा हे ठरवण्यासाठीही आहे.

उसाचा उतारा तपासल्याशिवाय आपण तोडीची घाई करत नाही. मग मूठभर पिल्लाला पहिल्याच दिवशी "तू तलंग" म्हणून पैसे मोजण्याची घाई कशाला? धागा बांधा, वही ठेवा, दोन महिने डोळा उघडा ठेवा. आणि घरातल्या ज्या बाईने आपल्या गाठीच्या पैशांतून ही पिल्ले आणली असतील, तिला हा लेख वाचून दाखवा.